साउथवेलचे सफरचंद
नॉटिंगहॅमशायरमधील ज्या साउथवेल गावी १८०९ साली रुजविलेल्या बीपासून ब्रॅम्ली हे आंबट, शिजताच विरघळणारे सफरचंद जन्मास आले, तेथील एका खाणावळीत पावसाळी दुपारी चाखलेले सफरचंदाचे क्रंबल घरी करावयाचे, तर २०० ग्रॅम मैद्यात १०० ग्रॅम थंडगार लोणी, तळव्याची ऊब न लागू देता, केवळ बोटांच्या अग्रांनी रवाळ होईतो चोळून, १०० ग्रॅम साखर मिसळून, तो चुरा ७०० ग्रॅम फोडींवर न दाबता पसरावा. ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सियसवर ४० मिनिटांत कडेने रस खदखदू लागतो. दुसऱ्या महायुद्धात, लोणी व साखर शिधापत्रिकेवर मोजून मिळत असता, ‘पाय’ या पदार्थाच्या पारीहून कमी लोण्यात भागणारी ही तजवीज ब्रिटिश गृहिणींच्या पथ्यावर पडली. आपल्याकडे ब्रॅम्ली दुर्मीळ. सबब हिरवे, आंबट सफरचंद घ्यावे. दालचिनी मी घालीत नाही.