दंडातला ताईत आणि भाजल्यावरचे मलम : चांदी किती कामाची?



मागच्या महिन्यात पोंभुर्ण्यातल्या एका वस्तीत लसीकरणाची आठवण द्यायला फिरत होते. एका बाईने लेकराचा दंड पुढे केला. "सिस्टर, चांदीचा ताईत आठ दिवसांत काळा पडला जी. काही बाहेरचं लागलं काय?" आजीचे म्हणणे, ताईताने नजर ओढून घेतली.

काळे पडणे हा चांदीचा स्वभाव आहे. लोखंडासारखा गंज तिला चढत नाही, पण गंधकाशी तिचे लगेच जुळते आणि वर काळा थर बसतो. गंधक घामात असते, कांद्यात, अंड्यात, रबरात असते, कोळशाच्या धुरातही असते. त्या घरी दगडी कोळशाची शेगडी होती. मी जर्मनच्या जुन्या ताटलीत ताईत ठेवला, खाण्याचा सोडा टाकून कढत पाणी ओतले. थोड्या वेळाने तो उजळला. "आजी, नजर सोड्याने उतरली काय?" आजी हसल्या. लेकरू मात्र सुकलेले होते. त्याला वजन करायला अंगणवाडीत नेले, ते काम ताईत करत नाही.

अंगावरच्या चांदीबद्दल बाबासाहेब 1927 च्या डिसेंबरात महाडला आपल्या आज्यांशी बोलले होते. गळ्यात भाराभर गळसऱ्या, हातात कोपरभर चांदीच्या नाहीतर कथलाच्या गोठ-पाटल्या ही अस्पृश्य म्हणून ओळखू येण्याची खूण आहे, ती टाका, असे त्यांचे सांगणे होते. चांदीचे अर्थकारण तर त्यांनी कोळून प्यायले होते. 1923 साली निघालेला त्यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ बराचसा चांदीच्या रुपयाचीच कथा आहे. तो रुपया एक तोळ्याचा, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. 1940 मध्ये सरकारने ती निम्म्यावर आणली, 1947 चा रुपया तर निकेलचा. दवाखान्याच्या खर्चासाठी आजीचा राजाछाप रुपया मोडायची वेळ आली, तर आधी त्यावरचे साल वाचा. दागिन्यावर 925 असेल तर हजारात 925 भाग चांदी. 'जर्मन सिल्व्हर'मध्ये चांदी अजिबात नसते. तांबे, जस्त आणि निकेल असते. जोडव्याखाली खाज सुटून पाणी येत असेल तर बहुतेक वेळा हे निकेलच कारण असते. जोडवे काढा.

मग चांदीत औषधी गुण नाहीच का? आहे, पण तो कड्या-ताईतात नाही. चांदीचे विद्युतभारित कण ओल्या जखमेत सुटले की ते जंतूंना मारतात. जर्मनीतल्या लाइपझिगच्या प्रसूतिगृहात क्रेडे नावाच्या डॉक्टरांनी 1880 च्या सुमारास नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायला सुरुवात केली. तोवर तिथे शंभरातल्या दहाएक बाळांचे डोळे जन्मतःच लागण होऊन येत आणि काहींची दृष्टी जाई. थेंबानंतर हे प्रमाण एकाच्याही खाली आले. आता त्यासाठी दुसरी औषधे आहेत. घरी बाळाच्या डोळ्यात काहीही टाकू नका, काजळही नाही.

दुसरे औषध तुम्ही पाहिले असेल, भाजल्यावरचे पांढरे मलम, सिल्व्हर सल्फाडायझिन. 1968 पासून ते जगभर वापरात आहे. वॉर्डात मी ते हाताने लावले आहे, आणि त्याच वॉर्डातली एक गोष्ट अजून डोळ्यांपुढून हलत नाही. आंधणाचा गंज अंगावर सांडलेली चार वर्षांची पोरगी आली, ती टूथपेस्टने माखलेली. वरून शेजाऱ्यांनी दिलेले हेच मलम. पाणी कोणीच घातले नव्हते. ते सगळे पुसून काढेपर्यंत जखम किती खोल आहे ते डॉक्टरांना दिसेना. पुसताना ती पोर ज्या आवाजात ओरडली, तो आवाज मी सांगू शकत नाही.

म्हणून भाजले की आधी साधे पाणी. नळाचे नाहीतर हापशीचे, संथ धारेने, वीस मिनिटे. बर्फ नको. बांगड्या, कडी, करगोटा सूज यायच्या आत काढा. कापड चिकटले असेल तर ओढू नका. फोड फोडू नका. स्वच्छ ओल्या फडक्याने झाकून आरोग्य केंद्रात न्या, लहान लेकरू असेल किंवा तोंड, हात, मांड्या भाजल्या असतील तर 108 ला फोन करा. गाडीला पैसे लागत नाहीत.

मलम डॉक्टरांनी जखम पाहिल्यावरच. सल्फाची अॅलर्जी असलेल्यांना, दिवस भरत आलेल्या बाईला, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ते देत नाहीत. वरवरच्या भाजण्याला आता बरेच डॉक्टर ते टाळतात, कारण कातडी भरून यायला उशीर होतो. आणि कोणी 'चांदीचे पाणी' सर्व रोगांवर म्हणून बाटलीत विकत असेल तर घेऊ नका. ते वर्षानुवर्षे प्यायले तर कातडी निळसर-राखाडी होते, आणि तो रंग सोड्याने उतरत नाही.