बिजागरीला वंगण

बँकेचं संकेतस्थळ उघडलं की पान दिसण्याआधी ब्राउझर सर्व्हरला एक निरोप धाडतो: 'क्लायंट हॅलो'. टीएलएसच्या, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या प्रोटोकॉलच्या, कोणत्या आवृत्त्या मला येतात, कोणते सायफर, म्हणजे कूटलेखनाच्या पद्धती, चालतात, याची ती यादी. सर्व्हरने त्यातलं आपल्याला जमणारं निवडायचं आणि अनोळखी असेल ते सोडून द्यायचं. जोडणीआधीच्या या बोलणीचा, म्हणजे हँडशेकचा, नियम इतकाच.

तो पाळला गेला नाही. कितीतरी सर्व्हर नवी आवृत्ती दिसताच कनेक्शन तोडत. ज्यांनी ते लिहिले त्यांनी त्या वेळच्या ब्राउझरांशी जोडून पाहिलं, सगळं चाललं, काम संपलं. अनोळखी काही पाठवून पाहायचं कोणाला सुचलंच नाही. मग ग्राहकाचं अडू नये म्हणून ब्राउझर गुपचूप खालच्या आवृत्तीने पुन्हा प्रयत्न करू लागले, अगदी टीएलएसच्या आधीच्या एसएसएल 3.0पर्यंत. ऑक्टोबर 2014मध्ये गूगलच्या संशोधकांनी 'पूडल' हल्ला मांडला तो याच सवलतीवर. वाटेत बसलेल्याने कनेक्शन मुद्दाम पाडत राहायचं, की ब्राउझर आपणहून 1996च्या त्या दुबळ्या आवृत्तीवर उतरत असे.

ऑगस्ट 2018मध्ये टीएलएस 1.3 प्रमाणित झालं, पण त्याच्या हॅलोतल्या आवृत्तीच्या रकान्यात आजही 1.2चाच आकडा असतो, 0303. खरा 0304 पुढे एका जोडपत्रात. जुने सर्व्हर आणि वाटेवरची जुनी उपकरणं नव्या रूपाला अडवत होती, म्हणून 1.3ला जुन्या वेषात यावं लागलं. इतक्या विचाराने घडवलेल्या प्रोटोकॉलवर ही वेळ यावी, याचं मला आजही वाईट वाटतं.

न हलवलेली बिजागरी गंजते, तसंच कधी न वापरलेल्या नियमाचं होतं. गूगलच्या डेव्हिड बेंजामिन यांनी त्यावर काढलेला उपाय म्हणजे 'ग्रीस', वंगणच. जानेवारी 2020मध्ये त्याचा आरएफसी 8701 हा दस्तऐवज निघाला. ब्राउझर आपल्या यादीत मुद्दाम निरर्थक आकडे घालतो: 0ए0ए, 1ए1ए, असं करत एफएएफएपर्यंत. नीट लिहिलेला सर्व्हर ते ओलांडून पुढे जातो. चुकीचा लिहिलेला तिथेच अडतो, आणि अडतो तो लिहिणाऱ्याच्या टेबलावर, पहिल्याच चाचणीत.

नेटवर्कवरची वाहतूक दाखवणारं वायरशार्क लावून क्रोमचा हॅलो उघडा. सायफरच्या यादीत सगळ्यात वर 5ए5एसारखा एखादा आकडा दिसेल. ब्राउझर बंद करून तेच पान पुन्हा उघडलंत, तर त्या जागी कदाचित बीएबीए असेल. सर्व्हरची चाचणी घेणाऱ्याने कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणून थांबू नये; असा एखादा अनोळखी आकडा आपल्या हाताने पाठवावा आणि सर्व्हरचं उत्तर, म्हणजे 'सर्व्हर हॅलो', परत येतं का, ते पाहावं.