संशयाची किंमत: नेदरलँड्सची दोन दशकं

सहिष्णू देश म्हणून नेदरलँड्सचा लौकिक होता. त्याला 2002 मध्ये पहिला मोठा तडा गेला. स्थलांतर आणि इस्लामवर कडाडून टीका करणारे नेते पिम फॉर्टाउन यांची ऐन निवडणुकीच्या तोंडावर हत्या झाली. मारेकरी डचच होता. 2004 मध्ये दिग्दर्शक थिओ व्हॅन गॉग यांना मोरोक्कन वंशाच्या कट्टरपंथी तरुणाने अ‍ॅम्स्टरडॅमच्या रस्त्यावर ठार केलं. त्यानंतर स्थलांतरितांविषयीचा राग उघडपणे मतं मागू लागला. खेर्त विल्डर्स यांनी 2006 मध्ये पक्ष काढला आणि 2014 च्या सभेत मोरोक्कन लोक कमी करण्याच्या घोषणा समर्थकांकडून वदवून घेतल्या.

त्याच काळात करखात्यात वेगळंच चाललं होतं. पाळणाघराच्या खर्चासाठी नेदरलँड्समध्ये पालकांना मिळणारं सरकारी अनुदान तेव्हा हेच खातं हाताळत होतं. 2013 मध्ये बल्गेरियन टोळ्यांनी सरकारी भत्त्यांत केलेली फसवणूक उघडकीस आली आणि कडक कारवाईसाठी संसदेने तगादा लावला. मग संशयित अर्ज निवडताना डच नागरिकत्व नसणं हाही जोखमीचा निकष ठरला. एखादी सही राहिली, एखादी पावती सापडली नाही, की वर्षभराचं अनुदान परत मागितलं जाई. कित्येक कुटुंबं हजारो युरोंच्या कर्जात बुडाली. बाधित कुटुंबांतली हजाराहून अधिक मुलं सरकारी आदेशाने घरापासून दूर ठेवली गेली. आपली फाइल मागणाऱ्या पालकांच्या हाती पडली ती काळ्या शाईने झाकलेली पानंच्या पानं.

पीटर ओम्टझिख्त आणि रेन्स्के लायटेन या खासदारांनी प्रकरण लावून धरलं. डिसेंबर 2020 च्या संसदीय अहवालाने न्यायालयांसह सगळ्यांवर ठपका ठेवला. 15 जानेवारी 2021 रोजी पंतप्रधान मार्क रुटे यांच्या सरकारने राजीनामा दिला. दोनच महिन्यांनी रुटे पुन्हा निवडणूक जिंकले. करखात्यात संस्थात्मक वंशवाद होता, ही कबुली सरकारकडून 2022 मध्ये आली.

एवढं होऊनही राजकारणाचा रोख बदलला नाही. निर्वासितांच्या कुटुंबीयांना येऊ द्यावं का, या वादात 2023 मध्ये रुटेंचं पुढचं सरकार कोसळलं. त्यानंतरच्या निवडणुकीत विल्डर्स यांच्या पक्षाने 150 पैकी 37 जागा जिंकल्या आणि तो नव्या सरकारात सामील झाला. आश्रयाच्याच मुद्द्यावर विल्डर्स यांनी पाठिंबा काढला आणि जून 2025 मध्ये तेही सरकार गेलं.

फसवणूक रोखणं हे सरकारचं कर्तव्यच आहे. पण चुकलेल्या माणसाला लबाड ठरवण्याआधी त्याचं ऐकून घेणं हेही तितकंच कर्तव्य आहे. ते विसरणारं सरकार कायद्याच्या नावाने अन्यायच करतं, मग ते कुठल्याही देशातलं असो.