दोन मते, पण हक्क एकही नाही

चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात, तेलंगणाच्या सीमेवर, चौदा गावे अशी आहेत की ज्यांवर दोन्ही राज्ये हक्क सांगतात. तेथे एकाच घरी दोन राज्यांच्या शिधापत्रिका आणि एकाच मनुष्याचे नाव दोन मतदारयाद्यांत आढळते. २०२४ साली लोकसभेसाठी चंद्रपुरास १९ एप्रिल रोजी व आदिलाबादेस १३ मे रोजी मतदान झाले. दोहोंकडे जाण्याची वाट मोकळीच होती. यास कोणी लबाडी म्हणतील. आम्हांस ती सरकारांची हयगय वाटते.

राज्यघटनेने भारतीयांस नागरिकत्व एकच दिले आहे. १९५० चा कायदा दोन मतदारसंघांत नाव नोंदविण्यास मनाई करतो; १९५१ चा कायदा एकाच सार्वत्रिक निवडणुकीत दोहोंकडे दिलेली मते रद्द ठरवितो. म्हणजे दोन मतांचा धनी म्हणून ज्याचा हेवा करावा, त्याच्या हाती कायद्याने एकही मत उरत नाही! उमेदवारीची गोष्ट तर याहून बिकट. विधानसभेचा उमेदवार त्याच राज्याचा मतदार असावा लागतो, आणि राखीव जागेसाठी त्याची जमातही त्याच राज्याच्या यादीत असावी लागते. तेलंगणात लंबाडा ही अनुसूचित जमात आहे. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत मोडतात. सीमेची रेघ सरकली की मनुष्याची पात्रताही सरकते.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ही गावे सामावून घेण्याचे जाहीर केले. परंतु घोषणेने पोट भरत नाही. रेघ निश्चित करावी, जमिनीचे पट्टे द्यावेत, नाव एकाच यादीत ठेवावे. दोन सरकारांच्या वादाचा दंड नागरिकाने का भरावा?