परसातील कुक्कुटपालन आणि साध्या खुराड्याची रचना : जासई परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना
रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील जासई हे मूळचे भातशेतीचे गाव. १९७० नंतर नवी मुंबई प्रकल्पासाठी या परिसरातील जमिनींचे संपादन सुरू झाले. योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पाच जणांना हौतात्म्य प्राप्त झाले. शेतीचे क्षेत्र आक्रसले, तरी परसात गावठी कोंबड्या पाळण्याची प्रथा तालुक्यातील गावांत टिकून आहे. तथापि, जानेवारी २०२५ मध्ये याच तालुक्यातील चिरनेर येथे बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव झाला व बाधित क्षेत्रातील कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. त्यामुळे खुराडे हे आता केवळ मुंगसापासून रक्षण करणारे साधन राहिलेले नाही. रोगप्रतिबंधाचा पहिला टप्पा म्हणूनही त्याचा विचार करणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात दहा कोंबड्यांसाठीच्या साध्या खुराड्याची रचना व तिच्यामागील कारणमीमांसा मांडली आहे.

जागेची निवड
कोकणच्या किनारपट्टीवर पावसाळ्यात हवा सतत दमट असते. ओल्या जमिनीवर रक्ती हगवणीचे जंतू झपाट्याने वाढतात आणि ओल्या विष्ठेतून निघणारा अमोनिया पक्ष्यांच्या श्वसनमार्गास इजा करतो. म्हणून पाणी न साचणारी उंच जागा निवडावी. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवल्यास लांब बाजूंवर थेट ऊन येत नाही.

रचना व मापे
डालग्याखाली किंवा अंधाऱ्या कोनाड्यात कोंबड्या कोंडण्याच्या जुन्या रीतीत हवा खेळत नाही. रात्रीच्या निवाऱ्यासाठी प्रत्येक कोंबडीस सुमारे दोन चौरस फूट जागा धरल्यास पाच फूट लांब व चार फूट रुंद खुराडे पुरेसे होते. दीड फूट उंचीचे जोते बांधून त्यावर कोबा करावा. त्यामुळे घुशींना खालून पोखरता येत नाही. कोब्यावर भाताच्या तुसाची तीन इंच जाड गादी पसरावी.

भिंतींचा खालचा एक फूट भाग विटांचा व वरील भाग जाळीचा असावा. साध्या षट्कोनी जाळीने कोंबड्या आत राहतात, परंतु लहान साप व उंदीर आत शिरू शकतात. म्हणून अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी वापरावी. छप्पर एका बाजूस पाच व दुसऱ्या बाजूस चार फूट उंच ठेवून उतार द्यावा आणि पत्रा भिंतीबाहेर दीड ते दोन फूट काढावा. नैर्ऋत्येकडून येणारी पावसाची झड अडविण्यासाठी त्या बाजूस गुंडाळता येणारा ताडपत्रीचा पडदा लावावा. मात्र छपराखालील फट हवेसाठी मोकळी ठेवावी.

बसण्यासाठी बांबूचे दांडे दोन फूट उंचीवर बांधावेत व प्रत्येक कोंबडीस आठ ते दहा इंच जागा मिळेल असे पाहावे. अंडी घालण्यासाठी एक फूट लांबी-रुंदीची दोन खोकी दांड्यांपेक्षा खाली ठेवावीत. कोंबडी रात्री उंच जागा शोधते. खोकी वर असल्यास ती त्यातच झोपते व अंडी घाण होतात.

रोगप्रतिबंध
रानटी पाणपक्षी हे बर्ड फ्लूच्या विषाणूचे नैसर्गिक वाहक आहेत. उरणच्या पाणथळ जागांवर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात. त्यामुळे दाणा-पाणी उघड्यावर न ठेवता छपराखाली, जाळीच्या आतच द्यावे. खुराड्यापुढे जाळीने झाकलेले लहान अंगण केल्यास कोंबड्यांना मोकळीकही मिळते. कोंबड्या आणि बदके एकत्र ठेवू नयेत. मानमोडीसाठी लसीकरण अनिवार्य मानावे.

एकाएकी मरतुक झाल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी नुकसानभरपाई मिळते, आधीच मेलेल्यांसाठी नाही. म्हणून वेळीच दिलेली माहिती पाळणाऱ्याच्याही हिताची असते.

समारोप
खुराड्यामुळे साथीचा धोका पूर्णतः टळत नाही, परंतु तो निश्चितपणे कमी होतो. एका परसातील निष्काळजीपणाची किंमत शेजारच्या घरांनाही मोजावी लागते. यास्तव कोरडी जमीन, खेळती हवा, बारीक जाळी आणि झाकलेले दाणा-पाणी ही चतुःसूत्री महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना शिबिरांतून प्रत्यक्ष बांधकामाद्वारे गावापर्यंत पोहोचविणे उपयुक्त ठरेल.