डाग नाही, तो सराफाचा ठसा!

लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडतात तो चांदीचा रुपया कधी नीट बघितलाय? पुढच्या वेळी मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. त्यावर चांदणी, चंद्रकोर, फूल किंवा नुसतं टिंब ठोकलेलं दिसलं, तर 'खराब झालाय' म्हणून इतवारीच्या सराफ्यात मोडीत द्यायला निघू नका. ती बहुधा जुन्या सराफाची खूण असते.

भोसल्यांच्या काळात सगळीकडे एकच रुपया चालत नव्हता. भोसल्यांचा रुपयाही मुघल बादशहाच्या नावानेच पडायचा, शिवाय शेजारच्या राज्यांची नाणी होतीच. चांदी वेगळी, वजन वेगळं. मग सराफ नाणं वाजवून बघायचा, तोलायचा आणि पटलं की बारीक ठसा मारायचा. म्हणजे, हे मी तपासलंय. झिजलेल्या किंवा परक्या रुपयामागे जी रक्कम कापली जायची, तो बट्टा. नावाला लागतो तोच! वर्गात कुणी पोतदार असेल तर त्याला सांगा, नाणी पारखणं हे त्याच्या आडनावामागचं काम आहे. चीनमध्येही व्यापाऱ्यांनी स्पेन-मेक्सिकोच्या चांदीच्या डॉलरवर असेच ठसे मारले. काही डॉलर तर ठशांनी इतके भरलेत की मूळ चित्र शोधावं लागतं.

आता मुद्द्याचं. ठसा आणि इजा ओळखायची कशी?

ठसा एका घावात बसतो. त्यामुळे त्याला ठरावीक आकार असतो, कडा स्वच्छ असतात आणि चांदी आत दबलेली असते. नाणं उलटून बघा, नेमकं त्याच जागी मागची नक्षी जरा चपटी झालेली दिसू शकते. ओरखडा मात्र कुठूनही कुठेही जातो, कुठे खोल, कुठे उथळ. रंगही बघा. खळग्यात बाकी नाण्यासारखाच काळपटपणा असेल तर खूण जुनी. आत चकचकीत पांढरं दिसत असेल तर ते हल्लीचं काम. कडेला छिन्नीचा सरळ छेद असेल तर तीही तपासणीच होती. वर चांदी आणि आत तांबं नाही ना, हे बघायला तो देत.

उठून आलेली रेघ ओरखडा नसतेच. टांकसाळीतल्या साच्याला चीर गेली की तिच्यात धातू शिरतो आणि नाण्यावर रेघ उभी राहते. आणि अर्धी अक्षरं गायब? साचा मोठा, चांदीची चकती लहान, म्हणून ती कडेबाहेर गेली. त्याला कुणी तुटकं म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

भोक मात्र व्यापाऱ्याचं नाही. ते माळेत ओवण्यासाठी पाडलेलं. कडेवर राखाडी गुठळी असेल तर तिथे कधीतरी कडी डाखलेली होती. बाजारात अशा नाण्याचा भाव बराच पडतो. ठसा असलेल्याचाही थोडा पडतो, कारण संग्राहकांना कोरं नाणं आवडतं. मला ही आवड जरा विचित्र वाटते. कोरा रुपया पेटीतच पडून राहिला असेल, ठसेवाला बाजार फिरून आलाय!

१८३५ मध्ये कंपनीने ११.६६ ग्रॅमचा एकसारखा रुपया काढला, तरी सराफांची सवय लगेच सुटली नाही. राणी व्हिक्टोरियाच्या रुपयांवरही असे ठसे सापडतात. तेव्हा घरातला रुपया राणीचा असला तरी तपासा.

फक्त चिंच किंवा टूथपेस्ट लावून घासू नका. काळा थर गेला की जुनं-नवं ओळखायची निम्मी खूण गेली. नाणं कडेने धरा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, वजन लिहून ठेवा. सिव्हिल लाइन्समधल्या अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ पासूनच्या मध्यवर्ती संग्रहालयात, एक चक्कर टाका. आणि नाणी घरच्या पेटीत नाही तर शेत नांगरताना सापडली असतील, तर मामला वेगळा. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणे, ऐवज दहा रुपयांहून जास्त किमतीचा असला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.