हिवाळ्यात चेहऱ्याला काय लावावे?

स्मरणिकेसाठी लेख द्या, पण विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असे काही लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी बँकेत कॅश काउंटरवर बसून उललेल्या अंगठ्याला व्हॅसलीन चोळत होतो. विषय तिथेच सुचला. चेहऱ्याला काय लावावे हा विषय एका कारकुनाने, तोही कला शाखेच्या पदवीधराने, हाताळावा याचे काहींना हसू येईल. परंतु हा प्रश्न माझ्या घरात असा काही शिरला की त्याबद्दल वाचणे, डॉक्टरांना विचारणे मला भाग पडले. जे समजले ते साध्या शब्दांत मांडतो.

नोव्हेंबर सरता सरता आपल्या नागपूरकडची हवा बदलते. पहाटे कडाक्याची थंडी आणि दुपारी कोरडे ऊन. २०१८ च्या डिसेंबरात तर शहराचे तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. अशा दिवसांत आंघोळ करून अंग पुसले की पाचच मिनिटांत गाल ताणल्यासारखे वाटतात, ओठ फुटतात, नखाने सहज ओढले तरी हातावर पांढरी रेघ उमटते. दोष आपण थंडीला देतो, पण थंडीपेक्षा अधिक दोष हवेच्या कोरडेपणाचा असतो. १० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साडेनऊ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावते. तीच हवा दुपारी २८ अंशांपर्यंत तापली की तिच्यात सुमारे २७ ग्रॅम बाष्प मावू शकते, पण असते तेवढेच, पहाटेचे. म्हणजे हवेची तहान वाढते. ती दोरीवरचे कपडे झपाट्याने वाळवते आणि त्याच हिशेबाने आपला चेहराही वाळवते.

आता त्वचेची रचना थोडी पाहू. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर, ज्याला शृंगस्तर म्हणतात, तो मृत पेशींचा असतो. चेहऱ्यावर त्याची जाडी कागदापेक्षाही कमी भरते. या चपट्या पेशी म्हणजे भिंतीतल्या विटा आणि त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थ म्हणजे गिलावा, असे समजावे. आतले पाणी बाहेर जाऊ न देण्याचे काम हा गिलावा करतो. गरम पाणी, साबण आणि कोरडी हवा यांनी तो धुपतो, विटा सुट्या होतात, त्यांच्या कडा उचलल्या जातात. ही जी कोंड्यासारखी पांढुरकी पापडी दिसते, ती म्हणजे उचललेल्या विटाच.

आणि इथेच आपली खरी फसगत सुरू होते. उचललेल्या कडांवर पडलेला प्रकाश सरळ परत न फिरता विखुरतो. गोऱ्या कातडीवर ते फारसे कळत नाही. आपल्यासारख्या सावळ्या-काळ्या कातडीवर मात्र राख फासल्यासारखी कळा येते. आरशात पाहणाऱ्याला वाटते, चेहरा काळवंडला. नातेवाईकही म्हणतात, "पोरगी हिवाळ्यात किती काळी पडली!" मग बाजारातून गोरेपणाचे क्रीम येते. वास्तविक तिचा रंग होता तोच असतो, फक्त त्वचेतले पाणी कमी झालेले असते. कोरड्या चेहऱ्यावर तेलाचा बोट फिरवून पाहा, राखेची ती कळा क्षणात नाहीशी होते. रंग बदललेला असता तर ती गेली असती का?

माझी भाची गोंदियाहून शिकायला आमच्याकडे आली, त्या वर्षीची गोष्ट. डिसेंबरात तिचे गाल फुटले. कॉलेजातल्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिने औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही आणि तिनेही काही विचारले नाही. आठच दिवसांत चेहरा उजळला, नितळ झाला. घरात सगळे खूश, मीही. होळीपर्यंत मात्र गालांवर लाली, बारीक पुरळ आणि पूर्वी नव्हती अशी लव दिसू लागली. लावणे बंद करावे तर आग होई. "मामा, एक दिवस नाही लावलं की चेहरा जळते," असे ती रडत सांगे. त्वचारोगतज्ज्ञांनी ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचून दाखवली. ते मॉइश्चरायझर नव्हतेच, स्टिरॉइडचे मलम होते. चेहरा पूर्ववत व्हायला वर्ष लागले. त्या काळात तिने ओढणी बांधल्याशिवाय बाहेर पाऊल टाकले नाही आणि एका परीक्षेलाही बसली नाही.

बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही नावे विद्यार्थ्यांनी पाठच करावीत. ही औषधे वाईट नाहीत. इसब, सोरायसिस यांसारख्या आजारांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती लागतात. पण रोज चेहऱ्याला लावली की कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि चेहरा त्यांच्या सवयीचा गुलाम होतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशा चौदा स्टिरॉइड मलमांचा समावेश शेड्यूल एचमध्ये केला, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. नियम आहे, पण काउंटरवर तो पाळला जातोच असे नाही, म्हणून पाठीमागची अक्षरे आपणच वाचायची.

दुसरा धोका पाऱ्याचा. लवकर गोरे करणाऱ्या, कंपनीचा पत्ता नसलेल्या काही डब्यांमध्ये पारा सापडतो. तो रंगद्रव्य बनू देत नाही, पण त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अशी क्रीमे वापरणाऱ्यांना मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे २०२३ साली उघडकीस आले. गोरेपणाच्या सर्वच क्रीमांत पारा असतो असे मी म्हणत नाही. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'च्या नावातून २०२० साली 'फेअर' हा शब्द गेला आणि ते 'ग्लो अँड लव्हली' झाले. नाव बदलले, ही चांगली गोष्ट. आपल्या घरांत मुलगी पाहायला गेल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, तो बदलला की नाही, हे ज्याचे त्याने पाहावे.

मग घ्यावे काय? दुकानात शंभर नावे दिसली तरी कामे तीनच असतात. पाणी धरून ठेवणारे पदार्थ, उदाहरणार्थ ग्लिसरीन, युरिया, हायलुरॉनिक आम्ल. भेगा भरून त्वचा मऊ करणारे स्निग्ध पदार्थ. आणि वरून झाकण घालून पाणी उडू न देणारे पदार्थ, म्हणजे पेट्रोलियम जेली, पॅराफिन, मेण, लॅनोलिन. चांगल्या क्रीममध्ये तिन्ही थोडेथोडे असतात. नुसते दाट ग्लिसरीन चेहऱ्यावर चुरचुरते, त्यात पाणी घालून लावावे आणि वरून थोडे झाकण द्यावे. आमच्या आया ग्लिसरीनमध्ये गुलाबपाणी घालत, त्यात शहाणपण होते. लिंबू पिळत, ते मात्र चुकीचे. फुटलेल्या गालावर आम्ल कशाला?

झाकण घालण्यात पेट्रोलियम जेलीचा हात धरणारे दुसरे काही नाही. तिचा जन्म तेलविहिरीवरचा आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या तेलविहिरींच्या दांड्यांवर एक मेणचट घाण साचत असे आणि तिथले कामगार ती कापल्या-भाजल्यावर लावत. रॉबर्ट चेसब्रो या रसायनतज्ज्ञाने हे पाहिले, ती शुद्ध केली आणि १८७२ साली व्हॅसलीनचे पेटंट घेतले. कामगारांनी शोधलेले औषध आज महागड्या डब्यांतही असते, फक्त तिथे त्याला पेट्रोलेटम किंवा व्हाइट सॉफ्ट पॅराफिन म्हणतात. त्वचारोगतज्ज्ञ अनेकदा व्हाइट सॉफ्ट पॅराफिन आणि लाइट लिक्विड पॅराफिन एकत्र असलेले साधे क्रीम लिहून देतात, ते याच घराण्यातले.

जुन्या नावांचा अर्थही समजून घेण्यासारखा आहे. कोल्ड क्रीम म्हणजे तेल, मेण आणि पाणी यांचे मिश्रण. त्याचे श्रेय दुसऱ्या शतकातल्या गेलन या वैद्याला दिले जाते. लावल्यावर त्यातले पाणी उडते आणि गार वाटते, म्हणून ते 'कोल्ड'. थंडीत लावतात म्हणून नव्हे. बोरोलीन १९२९ साली कलकत्त्यात गौरमोहन दत्त यांनी सुरू केले. त्यात बोरिक आम्ल, झिंक ऑक्साइड आणि लॅनोलिन आहे, म्हणजे ते मुळात जखमेवर लावायचे मलम. उललेल्या ओठाला ठीक, रोज सबंध चेहऱ्यावर फासण्यासाठी ते नाही. आणि 'स्नो', ज्याचे आपल्या वडीलधाऱ्यांना भारी कौतुक होते, ते स्टिअरिक आम्लाचे हलके क्रीम. ते त्वचेत मुरल्यासारखे दिसते, चेहरा तुकतुकत नाही, पण हिवाळ्याच्या कोरडेपणाला ते अपुरे पडते. चेहरा चिकट नको म्हणून हलके लोशन घेणारे आणि मग दिवसभर गाल खाजवणारे कितीतरी लोक मी पाहतो.

खोबरेलाचे काय, हा प्रश्न हमखास विचारला जातो. फिलिपाइन्समध्ये कोरड्या त्वचेच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत खोबरेल तेल खनिज तेलाइतकेच गुणकारी ठरले. तेव्हा हातापायांना खुशाल लावा. चेहऱ्यावर मुरमे येत असतील तर मात्र ते टाळावे, छिद्रे बुजतात. मुरमे येणाऱ्या मुलामुलींनी ग्लिसरीन असलेले हलके, 'नॉन-कॉमेडोजेनिक' लिहिलेले क्रीम घ्यावे. मुरमे आहेत म्हणून काहीच न लावणे हाही उपाय नव्हे, कारण मुरमांची औषधे चेहरा आणखी कोरडा करतात.

डबा उलटा करून मागची यादी वाचावी. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. कोरफड, बदाम, केशर यांची चित्रे पुढे मोठी आणि यादीत त्यांचे स्थान अगदी शेवटी, असे दिसले तर आपण चित्राचे पैसे देत आहोत असे समजावे. ग्लिसरीन किंवा पॅराफिन पहिल्या चार-पाच नावांत असावे. सुगंधी द्रव्य जितके कमी तितके बरे, सुगंध त्वचेला काही देत नाही आणि काहींना खाज मात्र देतो. अलीकडे पाकिटावर दर ग्रॅमची किंमतही छापलेली असते, ती पाहावी. लहान डबी स्वस्त वाटते, पण हिशेब केला की बहुधा महाग पडते. बँकेत आयुष्य गेल्याने मला ही सवय लागली आहे, पण ती सर्वांना लागायला हरकत नाही. नवे क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूस चार-पाच दिवस लावून पाहावे, पुरळ आले नाही तरच चेहऱ्याला.

क्रीम कोणते यापेक्षा ते केव्हा लावले याला अधिक महत्त्व आहे, असे मला आता वाटते. आंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात करावी. टॉवेलने खसाखसा न पुसता टिपून घ्यावे आणि त्वचा ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत क्रीम लावावे. पाणी आत असताना झाकण घातले तर पाणी राहील, वाळल्यावर घातले तर काय झाकणार? सबंध चेहऱ्याला हरभऱ्याच्या दोन-तीन दाण्यांएवढे पुरते. रात्री झोपताना पुन्हा लावावे. साबणाचा सामू नऊ-दहा असतो आणि त्वचेचा पाचच्या आसपास, म्हणून हिवाळ्यात चेहऱ्याला साबण दिवसातून एकदाच, तोही सौम्य. कॅशवर बसणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक सूचना: बोटांना व्हॅसलीन जेवणाच्या सुट्टीत लावा, नोटा मोजण्याआधी नको. मी एकदा ती चूक केली आणि गड्डी दोनदा मोजावी लागली.

पालकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट राहिली. हिवाळ्यात लहान मुलांच्या गालांवर फिकट, किंचित खरखरीत डाग दिसतात. आपण त्यांना जंताचे डाग म्हणतो, नाहीतर कॅल्शियम कमी झाले म्हणून गोळ्या देतो. बहुतेक वेळा तो कोरडेपणातून येणारा सौम्य विकार असतो, पिटिरियासिस अल्बा असे त्याचे नाव. साध्या क्रीमने खरखर कमी होते. रंग भरून यायला मात्र काही महिने लागतात, तेवढा धीर धरावा. परंतु डागावर स्पर्श कळत नसेल, टाचणी टोचलेली समजत नसेल किंवा तिथला घाम बंद झाला असेल, तर क्रीम लावून वाट पाहू नये. तो कुष्ठरोग असू शकतो आणि आपल्या पूर्व विदर्भात त्याचे रुग्ण आजही आढळतात. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच आठवड्यात दाखवावे. वेळेवर औषध सुरू झाले तर तो पूर्ण बरा होतो, व्यंग येत नाही आणि औषधाला पैसे पडत नाहीत.